हँडिकॅपवरून दर सीझनला भांडण होतंय? नंबर बदलायच्या आधी हे तपासा

हँडिकॅप म्हणजे वेगवेगळ्या जातीच्या शिडाच्या बोटी एकत्र पळवता याव्यात म्हणून प्रत्येक जातीला दिलेला नंबर. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या सेलिंग क्लबात हीच भानगड आहे का ते कळेल.

- रविवारी तीच एक बोट पहिली, आणि नुसती पहिली नाही तर करेक्टेड टाइममध्ये (हँडिकॅप लावून काढलेल्या वेळेत) तीन-चार मिनिटांनी पुढे.
- निकालाचा कागद बघून त्या दिवशी वारा किती होता ते सांगता येतं. वारा पडला की एका जातीच्या बोटी वर, वारा चढला की दुसऱ्या जातीच्या.
- उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या जोरदार भरती-ओहोटीला) हळू बोटींचा बोऱ्या वाजतो, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीला) त्याच बोटी व्यवस्थित नंबरात येतात.
- शेवटून येणारी मंडळी संक्रांतीनंतर फिरकतच नाहीत. विचारलं तर "आमचं काय होणारे त्यात, तुम्ही चालू द्या".
- सीझनभर मागे राहिलेला गडी ट्रॉफीच्या रेसला अचानक सुटतो.
- एकाच रेसचे निकाल दोघांनी मोजले की दोन वेगळे निकाल.

यातली दोन लक्षणं जरी जुळली तरी पुढचं वाचा. मी मुंबई बंदरातल्या मिक्स फ्लीटचे (एकत्र पळणाऱ्या वेगवेगळ्या जातीच्या बोटींचे) निकाल लावतो, म्हणजे लेझर, एंटरप्राइझ, होबी १६ (दोन बुडांची कॅटमरान), अधूनमधून चार-वीस (४२० जातीची बोट) आणि मुलांच्या ऑप्टिमिस्ट, आणि ही तक्रार ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की दिवाळीच्या आत येते म्हणजे येतेच. "अरे त्याचा नंबर बदल ना यार, चेष्टा चाललीये का" असं सगळे म्हणतात आणि नंबर बदलणं सगळ्यात सोपं वाटतं, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नंबरचा काही दोष नसतो. घड्याळ, लॅप, शीड, पाणी यापैकी काहीतरी असतं आणि नंबर बदलला की ती मूळ चूक तशीच आत राहून वर आणखी एक चूक बसते, मग ती काढायला पुढचा सीझन जातो. म्हणून नंबरला हात सगळ्यात शेवटी.

गुणायचं की भागायचं (फुकट, पाच मिनिटं)

हसू नका, हे खरंच होतं. डिंगीला (छोट्या शिडाच्या बोटीला) आपण पोर्ट्समथ यार्डस्टिक वापरतो, ब्रिटनची आरवायए (रॉयल यॉटिंग असोसिएशन) ही यादी दर वर्षी काढते. त्यात मोठा नंबर म्हणजे हळू बोट. लेझर, म्हणजे आताची आयएलसीए ७, ११०० च्या जवळपास, एंटरप्राइझ ११२० च्या आसपास, ऑप्टिमिस्ट १६०० च्या वर. लागलेला वेळ सेकंदात घ्यायचा, १००० ने गुणायचा, नंबरने भागायचा. आयआरसी ही मोठ्या यॉटची पद्धत, तिचं उलट आहे, तिथे टीसीसी नावाचा आकडा असतो, एकच्या अलीकडे-पलीकडे, वेळेला त्याने थेट गुणतात आणि मोठा आकडा म्हणजे वेगवान बोट. अमेरिकेतल्या क्लबात रेस करणारे आपले लोक पीएचआरएफ वापरतात, तिथे आकडा म्हणजे मैलामागे किती सेकंद सूट, मोठा आकडा हळू बोटीचा. आता एकाने इंटरनेटवरून एका पद्धतीचा आकडा उचलला आणि दुसऱ्या पद्धतीच्या शीटमध्ये टाकला की झालं. कॅटमरानचे आकडे तर वेगळ्याच यादीत असतात, होबीचा आकडा कुठून आला हे विचारा, अर्ध्या क्लबात कोणालाच सांगता येत नाही.

यादी कोणत्या वर्षाची आहे तेही बघा. नोटीस बोर्डावर पिवळी पडलेली प्रिंट असते तिच्यावरून दहा-दहा वर्षं निकाल लागतात.

घड्याळ

इथे सगळ्यात जास्त घोळ सापडतो, म्हणून जरा थांबून बघू.

पहिली गोष्ट, वेळ स्टार्टच्या सिग्नलपासून मोजायची, बोटीने लाइन ओलांडल्यापासून नाही. रेसिंगच्या नियमांत परिशिष्ट ए मध्ये हे सरळ लिहिलंय. पण कमिटी बोटीवर (जिथून रेस सोडतात आणि वेळ घेतात) कोणीतरी दयाळू माणूस बसलेला असतो, उशिरा आलेल्याला म्हणतो "तू लाइन क्रॉस केलीस तेव्हापासून धरतो", आणि त्याला दोन मिनिटं आंदण मिळतात. जिब (पुढचं शीड) लावायला उशीर झाला तो त्याचा प्रश्न, हँडिकॅपने तो भरून द्यायचा नसतो.

दुसरी गोष्ट एक्सेल. कागदावर ५२.३० लिहिलंय, म्हणजे ५२ मिनिटं ३० सेकंद. शीटमध्ये टाकणाऱ्याने तसंच ५२.३० टाकलं आणि एक्सेलने ते साडेबावन्नच्या ऐवजी ५२.३ मिनिटं धरलं, म्हणजे ५२ मिनिटं १८ सेकंद. बारा सेकंद गायब. बारा सेकंदांनी काय होतंय म्हणाल तर लेझरच्या नंबरात ते चार पॉइंट झाले, आणि आमच्याकडे कमिटीत दोन पॉइंटवरून आवाज चढलेले मी ऐकलेत. त्यातही गंमत अशी की हा घोळ सगळ्यांना सारखा लागत नाही, ज्याचे सेकंद शून्य त्याला काहीच नाही आणि ज्याचे ५९ त्याला जवळपास चोवीस सेकंदांचा फायदा. म्हणून एकाच रविवारी ढोबळ बघून ते सापडत नाही. मिनिटांचा कॉलम वेगळा, सेकंदांचा वेगळा, विषय संपला. नाहीतर सेलवेव्हसारखं फुकट सॉफ्टवेअर घ्या, ते हे सगळं आपोआप करतं.

आणि एक अंदाज डोक्यात ठेवा: ५० मिनिटांच्या रेसमध्ये एक टक्का म्हणजे ३० सेकंद, म्हणजे लेझरच्या नंबरात ११ पॉइंट. कोणी "माझे पाच पॉइंट कमी आहेत" म्हणून भांडायला आला की त्याला सांगा, पाच पॉइंट म्हणजे चौदा सेकंद, एका खराब टॅकमध्ये (वाऱ्याच्या तोंडातून वळताना) त्याहून जास्त जातात.

लॅप बरोबर मोजले का

मिक्स फ्लीटला सगळ्यांना सारखे लॅप मारायला लावले तर होबीवाले चहा पिऊन होईपर्यंत ऑप्टिमिस्ट पाण्यातच असतात. म्हणून अ‍ॅव्हरेज लॅप वापरतात. होबीने ४ लॅप मारले, लेझरने ५७ मिनिटांत ३ मारले, तर लेझरचा वेळ ५७ गुणिले ४ भागिले ३, म्हणजे ७६ मिनिटं धरायचा आणि मग नंबरने भागायचं. पद्धत चांगली आहे पण एक लॅप लिहायचा राहिला की निकाल पार उलटापालटा होतो. कमिटी बोटीवर दर वळणाला शिडाचा नंबर ओळीने लिहायचा, नुसत्या उभ्या रेघा मारत बसायचं नाही, कारण रेघ कोणाची ते नंतर कळत नाही.

शीड आणि बोटीचं बूड (थोडे पैसे, थोडी मेहनत)

लेझरचं एक हल (बोटीचा सांगाडा), त्यावर तीन शिडं बसतात. आयएलसीए ७ चं शीड ७.०६ चौरस मीटर, आयएलसीए ६ चं ५.७६ आणि ४ चं ४.७. तिन्हींचे नंबर वेगळे. वारा जास्त म्हणून माणूस छोटं शीड लावून गेला आणि रजिस्टरमध्ये बोट मोठ्या शिडाचीच राहिली, तर त्याच्यावर अन्याय. उलट झालं तर इतरांवर. त्यामुळे साइन-ऑनच्या (रेसआधी सही करायच्या) कागदावर "आज कोणतं शीड" हा रकाना पाहिजेच. स्पिनेकर (पुढचं फुगणारं शीड) आहे की नाही तेही तिथेच लिहून घ्या.

बुडाचं म्हणाल तर डिंग्या रेस झाली की बाहेर निघतात, पण मूरिंगवर (पाण्यातच बांधून) उभ्या असलेल्या बोटींना आपल्या पाण्यात शेवाळ आणि बार्नेकल धरायला वेळ लागत नाही. यार्डस्टिकचा नंबर चांगल्या स्थितीतल्या, बऱ्यापैकी चालवलेल्या बोटीसाठी असतो. शीड पिशवीसारखं झालंय, बुडाला हात फिरवला तर हात खरवडतोय आणि मालक म्हणतो नंबर वाढवा, तर उत्तर "आधी बोट घासून आण". हे मी तोंडावर सांगतो, गोड लागत नाही पण पर्याय नाही. नंबर वाढवून दिला तर तोच माणूस पुढच्या महिन्यात नवीन शीड घेऊन येतो आणि मग बाकीचे तुम्हाला धरतात.

पाणी

आता मुख्य मुद्दा. मुंबई बंदरात हेच निम्म्या तक्रारींचं मूळ आहे असं माझं मत.

हँडिकॅपचा नंबर असं धरून चालतो की बोटींच्या वेगाचं प्रमाण ठरलेलं आहे. पाणी वाहायला लागलं की ते प्रमाण बिघडतं. हिशोब करून बघा. एक बोट ५ नॉट्सने (तासाला ५ सागरी मैल) जाते, दुसरी ४ ने, प्रमाण १.२५, नंबर त्या हिशोबाने बरोबर. एक मैल जायचं, एक मैल यायचं. पाणी थांबलेलं असेल तर पहिलीला २४ मिनिटं, दुसरीला ३०, करेक्टेड बरोबरी. आता जाताना दीड नॉट्सचं पाणी समोरून आणि येताना मागून. पहिली जाताना साडेतीनने आणि येताना साडेसहाने, एकूण २६.४ मिनिटं. दुसरी जाताना अडीचने आणि येताना साडेपाचने, एकूण ३४.९ मिनिटं. त्याला १.२५ ने भागलं तर २७.९. म्हणजे दोघांनी सारखीच चांगली बोट चालवून हळू बोट दीड मिनिटाने हरली, तेही अर्ध्या तासाच्या रेसमध्ये. "जाताना गेलं ते येताना मिळतं" असं जे म्हणतात ते चूक आहे, कारण उलट्या पाण्यात आपण जास्त वेळ असतो आणि सुलट्या पाण्यात कमी.

यावर नंबर बदलून उपयोग शून्य. उधाणाला वाढवलेला नंबर भांगाला जास्त ठरणार.

मग करायचं काय? पहिलं, कॅलेंडर बघायचं. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहाला, अमावस्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या सुमाराला. थोडं इकडेतिकडे होतं, नक्की वेळ टाइड टेबलात बघा, पण सीझनचं वेळापत्रक लावताना एवढं पुरतं. अमावस्येच्या रविवारी दुपारी तीनची रेस लावली म्हणजे उधाणाच्या ओहोटीचा जोर ऐन रेसमध्ये पकडला. त्या दिवशी हँडिकॅपची ट्रॉफी ठेवूच नका, एकाच क्लासच्या रेस लावा. अष्टमीच्या आसपासचे रविवार मिक्स फ्लीटला द्या.

दुसरं म्हणजे मार्क (वळसा घालायच्या बोया) कुठे टाकायचे ते. दुपारचा वारा आपल्याकडे वायव्येचा आणि ओहोटी साधारण दक्षिण-नैऋत्येला, म्हणजे वाऱ्यावर चढायचा लेग (टप्पा) पाण्याला बराच आडवा पडतो, हे नशीब. बंदराच्या लांबीच्या दिशेने लांबच लांब रीच (वारा बाजूने घेऊन जायचा टप्पा) टाकली की मात्र वरचा सगळा हिशोब लागू होतो. ती रीच छोटी करा किंवा काढून टाका. किनाऱ्याच्या कडेने पाणी कमी ओढतं हे ज्याला माहीत आहे तो तिथून जाऊन पुढे निघतो, त्याबद्दल कोणी तक्रार केली तर ऐकू नका, ते कसब आहे.

धरणाच्या पाण्यात रेस करणाऱ्या क्लबांना हा भाग सोडून द्यायला हरकत नाही. तिथे डोंगराच्या आडोशाने एका कोपऱ्यात वारा मरतो, तो वेगळा छळ.

वाऱ्याचं थोडक्यात सांगतो. होबीसारखी बोट चांगल्या वाऱ्यात सुसाट आणि पडलेल्या वाऱ्यात नुसती उभी, एंटरप्राइझ हलक्या वाऱ्यातही सरकत राहते. एकच नंबर दोन्हीकडे बरोबर असूच शकत नाही. फ्लीट मोठी असेल तर वेगवान आणि हळू असे दोन भाग करा आणि बक्षिसंही दोन ठेवा. सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान बोटीच्या नंबरात पाव हिस्स्याहून जास्त फरक असेल तर मी एकत्र निकाल लावत नाही, लावा म्हणाले तर फक्त गमतीसाठी.

पर्स्यूट रेस पण करून बघा. हळू बोट आधी सोडायची, वेगवान नंतर, आणि ठरलेल्या वेळेला जो सर्वांत पुढे तो जिंकला. ६० मिनिटांची रेस, सर्वांत हळू बोट १३७५ ची, तर लेझर ११०० ला ६० गुणिले २७५ भागिले १३७५, म्हणजे १२ मिनिटं उशिरा सोडायचं. नंबर तेच आहेत त्यामुळे पाण्याचा अन्याय जात नाही, पण निकाल डोळ्यांसमोर लागतो आणि "शीटमध्ये काहीतरी केलंय" हा संशय बंद होतो. मागची मंडळी सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे असतात, त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

बोट की माणूस

वरचं सगळं तपासलं, चुका काढल्या, तरी तीच बोट जिंकतेय? आता आकडे काढा. पाच-सहा चांगल्या रेस निवडा, ज्यात वारा अर्ध्यात पडला किंवा उधाण होतं त्या काढून टाका. प्रत्येक रेसमध्ये करेक्टेड टाइमने मधोमध आलेली बोट घ्या. प्रत्येकाचा लागलेला वेळ गुणिले १००० भागिले त्या मधल्या बोटीचा करेक्टेड टाइम, की मिळतो तो नंबर ज्यावर ती बोट त्या दिवशी बरोबरीत आली असती. उदाहरणार्थ मधला करेक्टेड टाइम ५० मिनिटं, एंटरप्राइझला लागली ५८, तर तिचा त्या दिवसाचा नंबर ११६०, यादीतला ११२०.

सगळ्या रेसमध्ये ११५० ते ११७० येत असेल तर काहीतरी आहे. पण काय? एकदा बोटींची अदलाबदल करा. नेहमी जिंकणाऱ्याला मागच्या बोटीत बसवा आणि मागच्याला जिंकणाऱ्या बोटीत, दोन छोट्या रेस घ्या. जिंकणारा तिथेही पुढे आला तर प्रश्न बोटीचा नव्हताच. खर्च काही नाही आणि कमिटीतली चर्चा पंधरा मिनिटांत संपते. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही एक नंबर, पण करायला लोक घाबरतात, का ते समजून घ्या.

माणसाचा प्रश्न निघाला तर क्लबने ठरवायचं की बक्षीस कशाचं देतोय. चांगलं चालवण्याचं बक्षीस असेल तर यादीचा नंबर ठेवा आणि चांगला माणूस जिंकू दे. सगळ्यांनी यावं, सगळ्यांना कधीतरी मिळावं असं असेल तर वैयक्तिक हँडिकॅप ठेवा, गोल्फवाल्यांसारखा. आरवायएची क्रूझर बोटींसाठी एनएचसी म्हणून पद्धत आहे, ती प्रत्येक रेसनंतर नंबर हलवते. पण एकाच ट्रॉफीत दोन्ही कोंबू नका. दोन निकाल, दोन ट्रॉफ्या, एकच रेस. आमच्याकडे हे केल्यावर फोन बरेच कमी झाले.

नंबर बदलायचाच असेल तर

पूर्ण उडी मारायची नाही. वरच्या उदाहरणात फरक ४० चा आहे, त्याचा पाचवा हिस्सा हलवा, म्हणजे ११२० चा ११२८. दिवसाचा नंबर फारच विचित्र आला असेल, बोट उलटली, कोणी अडकलं, तर ती रेस धरायचीच नाही. बोट जलद आल्यावर नंबर लवकर खाली आणायचा आणि हळू आल्यावर सावकाश वर न्यायचा, कारण मुद्दाम मागे राहून ट्रॉफीला सुटणाऱ्या गड्याला यानेच आळा बसतो, त्याच्याशी भांडून काही सिद्ध होत नाही. सिरीज चालू असताना वैयक्तिक नंबर कधी हलतो, रेसनंतर की सिरीजनंतर, हे सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (रेसच्या लेखी नियमांत) आधी छापा.

आणि एक बारीक गोष्ट सुटते. जिंकणाऱ्याचा नंबर सारखा खाली आणत राहिलं आणि बाकीच्यांचा वर गेला नाही तर पूर्ण फ्लीटची सरासरी खाली घसरते. मग जानेवारीत नवीन माणूस यादीचा नंबर घेऊन येतो आणि येऊन सगळ्यांना धुतो, आणि सगळे म्हणतात हा कोण चॅम्पियन. तो चॅम्पियन नसतो, तुमचे आकडे सरकलेले असतात. महिन्यातून एकदा सरासरी मूळ जागेवर आणून ठेवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कीलबोटी (बुडाखाली जड कील असलेल्या) असतील, कोणी कील बदललाय, कोणी मास्ट, तर अंदाजाचे नंबर बंद करा. आयआरसी किंवा ओआरसी (तशीच दुसरी पद्धत) यांचं सर्टिफिकेट घ्यायला लावा. आयआरसीचं सूत्र गुप्त असतं, ओआरसीचं छापलेलं असतं, दोन्हीकडे बोटीची मापं द्यावी लागतात आणि फी भरावी लागते. जे-२४ सारखी वन-डिझाइन (सगळ्या बोटी एकसारख्या) फ्लीट असेल तर कशाला हँडिकॅप, तसंच पळवा.

कोणी "त्याची बोट क्लासच्या नियमात नाही" म्हणाला तर तिथे निकालवाल्याचं काम संपलं. लेखी प्रोटेस्ट (तक्रार) घ्या, प्रोटेस्ट कमिटीकडे द्या, क्लासचा मेजरर (बोटी मापणारा) बोलवा. स्वतः वजनकाटा घेऊन जाऊ नका, वजन बरोबर निघालं तरी संबंध बिघडतात.

इंटर-क्लब रेस असेल, किंवा कमिटीतलेच दोघे एकमेकांचे नंबर ठरवत असतील, तरीही बाहेरचा माणूस पाहिजे. यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाचे रेस ऑफिसर आणि मेजरर असतात, त्यांच्यापैकी कोणाला तरी गाठा. त्याला बोलवायच्या आधी कमिटी बोटीवरचे मूळ कागद शोधून ठेवा, ओले झालेले, पेन्सिलने लिहिलेले असले तरी चालतील, कारण तो आल्या आल्या पहिलं तेच मागतो आणि एक्सेलची शीट बाजूला सारतो.